रोगी सोपवण्याची रीत

डोंगरांच्या कुशीत वसलेल्या एका राज्यात उदयभान नावाचा राजा होता. कुणा राजाला किल्ल्यांचा नाद असतो, कुणाला हत्तींचा. उदयभानाला नाद होता रुग्णालयांचा. त्यानं राजधानीत एक मोठं रुग्णालय बांधलं होतं आणि दूरदूरच्या परगण्यांत लहान लहान. तिथं सावकाराला जी खाट मिळे तीच मोळीविक्यालाही मिळे. परदेशचे प्रवासी हे पाहून थक्क होत, आणि ते थक्क झालेले पाहून राजा खूश होई. शेवटी राजाही माणूसच.

दर दसऱ्याला दरबार भरला की राजा आपल्या वैद्यांना शाली देई. वैद्य त्या लायकीचे होते, त्यात वाद नाही. पण एका वर्षी दरबार उठल्यावर राणीनं त्याला गाठलं. तिची धाकटी बहीण त्या पावसाळ्यात बरेच दिवस रुग्णालयात पडून होती आणि राणी रोज तिच्यापाशी जाऊन बसत असे.

राणी म्हणाली, "वैद्यबुवा येतात, नाडी बघतात, औषध सांगतात आणि पुढच्या खाटेकडे जातात. त्यांना सगळ्याच खाटा बघायच्या असतात. मग उरलेला दिवस रोग्याजवळ कोण असतं, ठाऊक आहे का आपल्याला?"

"परिचारिका असतात," राजा म्हणाला.

"त्यांना शाल कधी दिलीत?"

 राजांना असे प्रश्न फारसे कुणी विचारत नाही, म्हणून तो राजाच्या मनाला फार लागला. दुसऱ्याच दिवशी त्यानं दवंडी पिटवली. राज्याच्या सगळ्या रुग्णालयांतून दर वर्षी एका परिचारिकेची निवड होईल. दसऱ्याच्या दरबारात राजा स्वतः सिंहासनावरून उठून तिला शाल देईल. शिवाय राज्यातल्या कोणत्या रुग्णालयात काम करायचं, ते तिचं ती ठरवील.

शालीपेक्षा या दुसऱ्या गोष्टीनं परिचारिकांचे डोळे लकाकले. कारण त्यांची नेमणूक राजाच्या हुकमानं होत असे. जिथं गरज तिथं जायचं आणि रुग्णालयाच्याच आवारात राहायचं. कुणाचं घर डोंगरापलीकडे, कुणाचं नदीपलीकडे. घरची आठवण आली तर पदरानं डोळे पुसायचे आणि पुढच्या रोग्याकडे जायचं.

आणि त्यांचं काम तरी काय सोपं होतं? रोगी ओकला तर पुसायचं, चिडला तर ऐकून घ्यायचं, रडला तर हात धरायचा. ज्या अंगाला घरची माणसंही हात लावायला कचरतात ते अंग धुवायचं, त्याची कूस बदलायची, पाठीला जखमा होऊ द्यायच्या नाहीत. चादर खराब झाली की रोगी ओशाळतो. त्याला तसं वाटू नये म्हणून चादर बदलता बदलता त्याच्या गावच्या, गुराढोरांच्या चौकशा करायच्या. आपल्यापैकी बहुतेकांना हे एक दिवसही जमणार नाही. त्या वर्षानुवर्षं करत होत्या, आणि बऱ्या झालेल्या माणसाला दारापर्यंत पोचवून हसतमुखानं परत फिरत होत्या.

राजधानीच्या रुग्णालयात त्यांची एक जुनी रीत होती. आपली पाळी संपली म्हणून कुणी पदर झटकून चालू पडत नसे. जाणारी आणि येणारी, दोघी मिळून प्रत्येक खाटेपाशी जात. जाणारीनं येणारीला तो रोगी सोपवायचा, आणि आपल्याला त्याच्याबद्दल जे जे उमगलं ते सगळं सांगायचं. ही रीत कुणी घालून दिली ते कुणालाच आठवत नव्हतं.

सोपवावं कसं, ते बायजाबाईकडून शिकावं. बायजाबाई तिथली सगळ्यात जुनी परिचारिका. केस पांढरे झालेले, गुडघे कुरकुरत असत. एरवी ती फार बोलत नसे. पण रोगी सोपवायची वेळ आली की तिची जीभ सुटे. रोग्याच्या पायावर हात ठेवून ती म्हणे, "हे सदूतात्या. सकाळी चिडले होते, आता नाहीत. डाव्या कुशीवर वळवलं की दुखतं त्यांना, पण सांगायचे नाहीत, आपण तोंडाकडे बघायचं. लेकीची वाट बघतायत. ती नाही आली तर जेवणार नाहीत, तेव्हा घटकाभर बस जवळ."

सदूतात्या पडल्या पडल्या हे ऐकत आणि लटकेच रागावत. "अगं बायजा, माझ्या चहाड्या माझ्यासमोरच सांगतेस होय?"

"मग काय माघारी सांगू?" बायजाबाई म्हणे आणि पुढच्या खाटेकडे वळे.

तिच्या हातून रोगी घेणारीला पुढं काही शोधत बसावं लागत नसे.

त्याच रुग्णालयात साळू नावाची एक तरुण परिचारिका होती. नवरा साप चावून गेला, तेव्हा तिनं हे काम पत्करलं. तिची लहान मुलगी चंद्री लांब कोळथण गावात भावाकडे वाढत होती. साळू हुशार होती आणि मनानं चांगली होती. तिची नजर बारीक होती, आणि रोग्याला काय हवं ते तिला पटकन कळे. वर्षातून एकदा ती चंद्रीला भेटायला जाई. गेल्या खेपेला ती दारात उभी राहिली, तर चंद्री मामीच्या लुगड्याआड लपली आणि म्हणाली, "मामी, पाहुण्या आल्यात."

साळू त्यावर हसली होती. परतीच्या वाटेवर मात्र ती सगळा वेळ रडत आली. कोळथणलाही राजाचं एक लहान रुग्णालय होतं. तिथं नेमणूक मिळाली तर चंद्री तिच्यापाशी राहू शकली असती. दवंडी ऐकली तेव्हा साळूनं मनाशी ठरवलं, की यंदा ही निवड आपलीच झाली पाहिजे.

निवडीचं काम राजानं प्रधान कृष्णाजीपंतांकडे दिलं. पंत मोठे सरळ आणि काटेकोर गृहस्थ. त्यांनी विचार केला, सेवा कुणाची होते? रोग्याची. मग चांगली परिचारिका कोण, हे रोग्यालाच विचारावं. झालं, बऱ्या होऊन घरी निघालेल्या माणसांना ते रुग्णालयाच्या दाराशी गाठू लागले. "तुमची सेवा कुणी केली?" असं विचारायचं आणि जे नाव येईल ते ध्यानात ठेवायचं. पद्धत राजाला पटली, राणीलाही पटली. तुम्हीआम्ही तिथं असतो तर आपल्यालाही पटली असती.

दवंडीनंतर रुग्णालयात कुणी कामचुकार झालं नाही. उलट सगळ्या जास्तच राबू लागल्या. फक्त एक गोष्ट हळूहळू बदलली. रोगी सोपवताना बोलणं आखडत चाललं. आपल्याला जे उमगलं ते आपल्याच पाळीत कामाला यावं, म्हणजे रोग्याच्या ओठांवर आपलंच नाव बसेल, असं एकेकीच्या मनात येऊ लागलं. कुणी तसं उघड बोललं नाही. पण पूर्वी जिथं पाचसहा वाक्यं बोलली जात तिथं आता "सगळं ठीक आहे" एवढंच ऐकू येऊ लागलं. बायजाबाई मात्र पूर्वीसारखीच खाटेखाटेपाशी थांबून सगळं सांगत असे. तरण्या पोरी तिच्यामागं उभ्या राहून पाय बदलत.

अशात बुरूड आळीतल्या वेणूआजीला खाटेवर घालून आणलं. ती टोपल्या विणणारी म्हातारी. अर्धांगाच्या झटक्यानं तिची उजवी बाजू लुळी पडली होती, तोंड वाकडं झालं होतं आणि बोलणं कुणाला कळत नव्हतं. पाणी पाजलं की तिला ठसका लागे आणि ती काळीनिळी होई. घाबरून सगळ्या नुसतंच ओलं फडकं तिच्या ओठांना लावत. त्र्यंबकवैद्य म्हणाले, "पोटात काही गेलं नाही तर माझी औषधं काय करणार?" तिचा मुलगा लखू खाटेच्या पायथ्याशी बसून कपाळाला हात लावत असे.

एके सकाळी साळूची पाळी होती. ती आजीकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं आजीला पाठीशी लोड देऊन ताठ बसवलं. हनुवटी छातीकडे झुकवली. दाट पेजेचा अगदी लहानसा घास तिनं आजीच्या चांगल्या बाजूच्या गालात ठेवला आणि थांबली. आजीनं गिळलं. तो घास खाली उतरेपर्यंत साळूनं दुसरा दिला नाही. असं करत करत आजीनं वाटीभर पेज घेतली. पातळ पाणी घशात चटकन पळतं आणि चुकीच्या वाटेनं जातं, दाट पेज सावकाश उतरते, हे साळूच्या ध्यानात आलं होतं.

लखू साळूच्या पायाच पडला. "बाई, माझ्या आयनं फकस्त तुमच्याच हातनं घास घेतला बघा!"

हे ऐकून साळूला फार आनंद झाला. त्या आनंदातच तिच्या मनात एक वाईट विचारही शिरला.

संध्याकाळी साळूची पाळी संपली आणि बायजाबाई आली. बायजाबाईची पाळी त्या दालनात नव्यानंच लागली होती. आजीला गिळता येत नाही, एवढंच तिच्या कानावर होतं. दोघी वेणूआजीच्या खाटेपाशी थांबल्या. लखू तेवढ्यापुरता बाहेर गेला होता.

"आजींनी आज वाटीभर पेज घेतली," साळू म्हणाली.

बायजाबाईचा चेहरा उजळला. "काय सांगतेस! गुणाची गं माझी आजी. आणखी काही सांगायचंय हिच्याबद्दल?"

 साळूच्या डोळ्यांपुढं लुगड्याआड लपलेली चंद्री आली. ती म्हणाली, "नाही आक्का. सगळं ठीक आहे."

बायजाबाईनं तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. पेज उतरली म्हणजे गिळणं परत आलं, असंच कुणालाही वाटलं असतं. वैद्यांनी दिवेलागणीला काढा द्यायला सांगितला होता. बायजाबाईनं आजीचं डोकं उचलून हातावर घेतलं आणि काढ्याचा एक घोट पाजला.

काढा पाण्यासारखाच पातळ होता. आजीचा श्वास अडकला. डोळे फिरले, ओठ निळे पडले. लखूनं किंकाळी फोडली. साळू अजून आवारातच होती, ती धावत आली आणि दारातूनच ओरडली, "आक्का, पातळ नको! तिला पातळ चालत नाही!"

बायजाबाईनं तोवर आजीला कुशीवर वळवलं होतं. बोटाला फडकं गुंडाळून ती आजीचं तोंड साफ करत होती, पाठीवर थापट्या देत होती. तिनं फक्त एकदा मान वर करून साळूकडे पाहिलं. मग म्हणाली, "लोड दे इकडं."

आजीचा श्वास परत आला. पण काढा छातीत गेला होता आणि तिला सडकून ताप भरला. त्र्यंबकवैद्य धावत आले. आजीला तपासून झाल्यावर ते बायजाबाईला म्हणाले, "बायजाबाई, तुम्ही इतक्या जुन्या. गिळणं कसं आहे ते विचारून घ्यायचं नाही का?"

साळू तिथंच उभी होती. बायजाबाईनं विचारलं होतं, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं.

बायजाबाई म्हणाली, "माझ्या पाळीत झालं, वैद्यबुवा. माझ्या हातून झालं."

 साळू गप्प राहिली. त्या गप्प राहण्याची तिला पुढं इतकी लाज वाटली, की जेवण गोड लागेना आणि कुणाकडे मान वर करून बघवेना. ती स्वतःची पाळी संपल्यावरही आजीपाशी बसून राहू लागली. घास कसा द्यायचा ते तिनं एकेकीला आजीसमोर करून दाखवलं. ताप हटला, आजी हळूहळू सुधारली आणि काठी टेकत चालू लागली. पण आपण आधी गप्प का राहिलो, हे मात्र साळूनं कुणाला सांगितलं नाही. बायजाबाईनंही विचारलं नाही. ती साळूशी पूर्वीसारखंच बोले, आणि त्यामुळं साळूला आणखीच शरमल्यासारखं होई.

दसरा आला. दरबार फुलांच्या तोरणांनी सजला. सगळ्या रुग्णालयांतून जमेल त्या परिचारिका आल्या होत्या. राजानं बऱ्या झालेल्या रोग्यांनाही बोलावलं होतं. कृष्णाजीपंत उठून म्हणाले, "महाराज, सगळ्यात जास्त रोग्यांच्या तोंडी एकच नाव आहे. राजधानीच्या रुग्णालयातल्या साळूबाई."

राजानं विचारलं, "या बाईंबद्दल कुणाला काही सांगायचंय?"

लखू बुरूड गर्दीतून पुढं आला. म्हातारी आई त्याचा दंड धरून उभी होती. "म्हाराज," तो म्हणाला, "ही माझी आय. हिला फकस्त साळूबाईंच्या हातनं घास जायचा. सांजच्याला दुसऱ्या बाई आल्या, त्यांनी काढा पाजला आन् आय मरता मरता वाचली. साळूबाई नसत्या तर आज मी पोरका झालो असतो."

दरबारात कुजबुज झाली. ज्यांना ती दुसरी बाई कोण ते ठाऊक होतं, त्यांनी मागं वळून पाहिलं. बायजाबाई खांबाशी उभी होती. तिनं मान खाली घातली.

राजा सिंहासनावरून उठला. शाल हातात घेऊन तो साळूसमोर आला. "बाई, मोठं पुण्याचं काम केलंत. आता सांगा, कोणत्या गावी जायचं? तुम्ही नाव घ्या, उद्या तुमच्यासाठी गाडी जोडून देतो."

कोळथण. एवढा एकच शब्द उच्चारायचा होता. चंद्री उद्या नाही तर परवा तिच्या कुशीत असती. साळूनं तोंड उघडलं. पण तिची नजर त्या खांबाकडे गेली आणि तिला तो शब्द उच्चारता येईना.

"महाराज," ती म्हणाली, "ही शाल मला देऊ नका."

"का?"

"लखूदादा म्हणाले ते खरं आहे. आजीला माझ्याच हातून घास जायचा. पण आक्काच्या हातून का गेला नाही, ते कुणी विचारलं नाही." तिनं वेणूआजीकडे पाहिलं. "आजीला पातळ चालत नाही, हे मला कळलं होतं. रोगी सोपवताना आक्कानं विचारलं, आणखी काही सांगायचंय? मी म्हटलं, सगळं ठीक आहे. मी मुद्दाम सांगितलं नाही. आजीच्या आणि लखूदादाच्या तोंडी माझंच नाव राहावं, म्हणून. माझी लेक लांब आहे, ती मला पाहुण्या म्हणते. मला तिच्याकडे जायचं होतं. आजीचा जीव जाता जाता राहिला तो माझ्यामुळं. वैद्यबुवांनी आक्काला बोल लावला, तेव्हाही मी गप्प बसले. आक्कानं विचारलं होतं, वैद्यबुवा. विचारलं होतं तिनं."

एवढं बोलून ती रडू लागली.  लखू तोंड उघडं टाकून कधी साळूकडे बघे, कधी बायजाबाईकडे. त्र्यंबकवैद्य उठले, खांबापाशी गेले आणि बायजाबाईला हात जोडून म्हणाले, "बाई, माझं चुकलं."

राजा शाल हातात घेऊन तसाच उभा होता. तो कृष्णाजीपंतांकडे वळला. मग म्हणाला, "पंत, तुम्ही रोग्यांना विचारलंत. रोग्याला त्याच्या उशाशी बसलेली दिसते. तिच्या आधी कोण बसली होती आणि जाताना ती काय सांगून गेली, ते त्याला कसं दिसणार? ते दिसतं यांनाच." त्यानं सगळ्या परिचारिकांकडे पाहिलं. "बायांनो, आता तुम्ही सांगा. कुणाच्या हातून रोगी घेताना तुमच्या मनाला घोर नसतो? आणि कुणाच्या हाती सोपवला की तुम्ही निर्धास्त झोपता?"

कुणी नाव घेतलं नाही. पण राजधानीच्या सगळ्या परिचारिका, तरण्या आणि म्हाताऱ्या, एकाच वेळी खांबाकडे वळल्या. त्यात रडणारी साळूही होती.

राजा चालत खांबापाशी गेला. बायजाबाई संकोचून मागं सरू लागली, पण मागं खांब होता. राजानं स्वतःच्या हातानं तिच्या खांद्यावर शाल घातली. राणी आपल्या जागी उठून उभी राहिली. ते पाहून सगळा दरबार उभा राहिला. आजवर एकाही वैद्यासाठी दरबार उभा राहिला नव्हता, आणि त्र्यंबकवैद्य सगळ्यांच्या पुढं उभे होते.

"आता गाव सांगा," राजा म्हणाला. "तुमचे गुडघे दुखतात असं ऐकलंय. नदीकाठचं एखादं लहानसं, निवांत रुग्णालय बघा. तुमचा हक्क आहे."

बायजाबाईनं शालीचा काठ चाचपला. "महाराज, मी आहे तिथंच बरी आहे. पण मागायची मुभा असेल, तर एक मागते."

"मागा."

"मला साळूच्या पाठची पाळी द्या. तिची संपली की माझी. रोज."

कृष्णाजीपंतांना राहवलं नाही. "अहो बाई, तिनंच तुमच्यापासून लपवलं! तिच्यामुळं तुम्हाला भरल्या दालनात बोलणी खावी लागली. तिच्याच हातून रोगी घेणार?"

"पंत," बायजाबाई म्हणाली, "तिच्या लेकीचं गाव तिच्या ओठांवर आलं होतं. ते गिळून तिनं स्वतःची चूक साऱ्या दरबारापुढं सांगितली. आता ही बाई माझ्यापासून काय लपवणार? उलट मी म्हणते, इथल्या कुणाच्याही हातून घेण्यापेक्षा मी हिच्या हातून डोळे मिटून रोगी घेईन."

साळू पुढं आली आणि बायजाबाईच्या पाया पडू लागली. बायजाबाईनं तिला वरच्यावर धरलं आणि नव्या शालीच्या काठानंच तिचे डोळे पुसले.

त्या वर्षी साळूला कोळथणची नेमणूक मिळाली नाही. तिनं मागितली नाही आणि राजानंही दिली नाही. केलेल्या चुकीची एवढी किंमत तिनं मुकाट्यानं मोजली. दिवाळीला भाऊ चंद्रीला घेऊन आला, तेवढीच काय ती भेट झाली. पण तिची मान पुन्हा ताठ झाली. बायजाबाईसारख्या बाईनं भर दरबारात आपल्याला मागून घेतलं, हे ती जन्मभर विसरली नाही.

तेव्हापासून त्या राज्यात मानाची परिचारिका निवडताना रोग्यांचं ऐकतात आणि नंतर परिचारिकांनाही विचारतात. आणि राजधानीच्या रुग्णालयात रोगी सोपवायला पुन्हा पूर्वीइतकाच वेळ लागू लागला. कधी कधी तर त्याहूनही जास्त, कारण साळूचं सांगणं लवकर संपत नसे, आणि बायजाबाई दुखऱ्या गुडघ्यांवर हात ठेवून ते शेवटपर्यंत ऐकत असे.

तात्पर्य: सेवा एकाच्या हातानं कधी पुरी होत नाही; ज्याच्या हाती काम सोपवून आपण निर्धास्त होतो आणि ज्याच्या हातून ते घेताना मनात शंका येत नाही, त्याचा मान सगळ्यात मोठा.